धार बारीक का? घरगुती पाण्याच्या दाबाचा आढावा

सातव्या मजल्यावरच्या न्हाणीघरात शॉवर ठिबकतो, पहिल्या मजल्यावर नळ जरा जास्त फिरवला की पाणी सिंकबाहेर उडतं, आणि दोघांच्या डोक्यावर टाकी एकच. ‘प्रेशर नाही’ ही तक्रार आपल्या शहरांत इतकी रुळली आहे की तिच्यावरचा उपायही विचार न करता ठरलेला असतो: पंप बसवा. दुकानदार पंप विकतो, प्लंबर तो लावतो, धार काही दिवस जोरात येते आणि मग भिंतीतला कुठला तरी जुना जॉइंट पाझरू लागतो.

या प्रश्नाची चर्चा दोन वर्तुळांत चालते. प्लंबर, सोसायटीचे सेक्रेटरी आणि इंटिरियरवाले यांच्यासाठी तो पाइप, कॉक आणि पंपांचा प्रश्न आहे. पालिकांचे अभियंते, पाणीहक्काचे कार्यकर्ते आणि संशोधक यांच्यासाठी तोच प्रश्न चोवीस तास पुरवठा, मीटर आणि खासगी कंपन्यांचा होतो. ही वर्तुळं एकमेकांशी फारशी बोलत नाहीत. इथं दोन्ही एकत्र मांडायचा प्रयत्न आहे. माझं एक मत आधीच नोंदवून ठेवतो: ‘प्रेशर नाही’ या एकाच तक्रारीखाली तीन वेगळ्या उणिवा असतात, उंचीची, वाटेची आणि वेळेची. यातली आपली उणीव कोणती हे न पाहता केलेला खर्च बहुतेक वाया जातो.

उच्छ्वासापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत

पाणी उंचावरून आणायचं आणि वाटेत त्याच्या जोराला आवर घालायचा, हे तंत्र आपल्याकडे जुनं आहे. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, नहर बांधली. पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणलं. दोन्ही ठिकाणी वाटेवर उच्छ्वास बांधलेले होते. बंद मार्गात अडकलेली हवा त्यांतून निघून जाई आणि दाबही हाताबाहेर जात नसे. आजच्या इमारतीत गच्चीवरच्या लाइनला वर तोंड करून काढलेला जो हवेचा पाइप असतो, तो याच कुळातला. तो काढून टाकणारे किंवा त्याचं तोंड बुच मारून बंद करणारे महाभाग प्रत्येक सोसायटीत सापडतात, आणि मग वरच्या मजल्यांवर लाइन हवा धरते.

मुंबईत विहार तलावाचं काम १८६० मध्ये पुरं झालं, तानसाचं १८९२ मध्ये. पाणी उतारानं शहरात येई आणि मलबार हिल, भंडारवाडा अशा टेकड्यांवरच्या जलाशयांतून वस्तीला दाब मिळे. चाळी दोन-तीन मजल्यांच्या होत्या, तेवढ्या उंचीला हा दाब पुरत असे. पुढं वस्ती वाढली, घरं उंच झाली, पुरवठ्याचे तास आटले. यावर तोडगा म्हणून जी रचना रूढ झाली ती आता आपल्याला निसर्गनियमासारखी वाटते: पालिकेचं पाणी आधी इमारतीच्या पायथ्याशी जमिनीखालच्या टाकीत पडायचं, तिथून पंपानं गच्चीवर चढायचं आणि मग डाउन-टेक लाइनमधून घराघरांत उतरायचं.

केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा मार्गदर्शिकेच्या १९९९ च्या आवृत्तीनं ही विभागणी आकड्यांत बांधली. एकमजली इमारतींच्या भागात वितरणाच्या लाइनमध्ये किमान ७ मीटर, दुमजलीसाठी १२ आणि तिमजलीसाठी १७ मीटर दाब राहावा, असं तिथं म्हटलं आहे. एरवी २२ मीटरच्या वरचा दाब धरून जाळं आखू नये, त्याहून उंच इमारतींनी आपापली चढवण्याची सोय करावी. म्हणजे सातव्या मजल्यावरच्या रहिवाशाचा दाब ही पालिकेची जबाबदारी कधी नव्हतीच. पालिकेनं पाणी द्यायचं, दाब इमारतीनं तयार करायचा. तक्रार कुणाकडे करावी याबद्दलचा निम्मा गोंधळ इथं सुरू होतो.

उंची आणि वाट

पाण्याच्या १० मीटर उंचीचा दाब म्हणजे प्लंबरच्या भाषेत साधारण एक किलो. टाकी किती मोठी आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. हजार लिटरची असो की दहा हजारांची, नळापासून पाण्याची पातळी किती वर आहे एवढंच मोजायचं. आता वरच्या मजल्याचा हिशेब करून पाहा. शॉवर जमिनीपासून सुमारे २ मीटरवर असतो, छत ३ मीटरवर. टाकी गच्चीवर अर्ध्या मीटरच्या ओट्यावर ठेवलेली असेल तर तिचा तळ शॉवरपेक्षा जेमतेम दीड मीटर वर येतो, म्हणजे दाब पंधरा शतांश किलो. तीच टाकी जिन्याच्या खोलीवर असेल तर त्यात आणखी अडीच मीटर मिळतात. सात मजले खाली मात्र तोच दाब दोन किलोच्या घरात जातो. बिल्डरच्या माहितीपत्रकातला छत्रीएवढा रेन शॉवर या पहिल्या आकड्यावर चालत नाही. त्याला बहुधा एक किलोच्या आसपास दाब लागतो. वरच्या मजल्याच्या घराला जास्त भाव देऊन लोक हे विकत घेतात.

हा झाला थांबलेल्या पाण्याचा दाब. नळ उघडला की दुसरा हिशेब सुरू होतो. वाहतं पाणी पाइपाच्या भिंतीशी, प्रत्येक एल्बोशी आणि प्रत्येक कॉकशी घासतं आणि दाब खर्च करतं. हा खर्च प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाच्या पटीत वाढतो आणि पाइपाच्या आतल्या व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या पटीत कमी होतो. तेवढंच पाणी अर्धा इंचीऐवजी पाऊण इंची पाइपातून नेलं तर घर्षण साधारण सातव्या हिश्श्यावर येतं. उलट बाजूनं, जुन्या जीआय पाइपात गंज आणि क्षार साचून वाट निम्मी झाली असेल तर घर्षण तीसेक पट होतं. ज्या लाइनमध्ये मुळात दीड मीटरच पाणी वर उभं आहे, तिथं एवढा खर्च परवडत नाही. तळमजल्यावर तोच गंजका पाइप वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तिथं उधळायला दोन किलो असतात.

या दोन हिशेबांतला फरक हीच निदानाची खरी किल्ली आहे, आणि ती वापरायला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा दाबमापक पुरतो.

निदान कुठून सुरू करावं

अनुभवी प्लंबर आधी विचारतो: एकाच नळाला की सगळ्या? गरम पाण्याला की थंडालाही? कायम की ठरावीक वेळीच? अचानक झालं की हळूहळू? या चार प्रश्नांतच बहुतेक प्रकरणं सुटतात. घाईतला प्लंबर ते न विचारता पाना बाहेर काढतो.

एकाच नळाला धार नसेल तर दोष जवळपास नेहमीच शेवटच्या हातभर अंतरात असतो. नळाच्या तोंडाच्या जाळीत वाळू, क्षार किंवा टेफ्लॉन टेपचे धागे अडकतात. टाकी धुतल्यानंतर किंवा घराचं काम झाल्यानंतर हे हमखास होतं. जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजवली तर काम होतं, नाहीतर नवी बसते. मग अँगल कॉक येतो. तो अर्धवट उघडा असतो किंवा त्याचं वॉशर सुटून वाटेत अडकलेलं असतं. शॉवरच्या बाबतीत भिंतीतला डायव्हर्टर संशयित. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मिसळणाऱ्या इमारतींत तो काही वर्षांतच क्षारांनी चोंदतो, आणि टाइल न फोडता तो काढता येईल अशी तजवीज फार थोड्या न्हाणीघरांत केलेली असते.

फक्त गरम पाण्याची धार बारीक असेल तर गीझरच्या तोंडाशी असलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि आतला क्षार पाहावा. गॅस गीझर पेटतच नसेल तर पुष्कळदा गॅसला दोष दिला जातो. खरं तर ठरावीक जोरानं पाणी आल्याशिवाय त्याची ठिणगी पडत नाही. पुण्यासारख्या शहरांत गच्चीवरच्या सौर बंबांनी एक नवीच तक्रार आणली आहे. सौर टाकीला थंड पाणी तिच्याहून वरच्या टाकीतून यावं लागतं, गरम पाणी लांबच्या वाटेनं खाली येतं, आणि मिक्सरच्या नळात थंड पाण्याचा जोर जास्त पडून ते गरम लाइनमध्ये उलटं शिरतं. बाहेरून हे ‘सोलरला प्रेशर नाही’ असं दिसतं. दोन्ही लाइनचा दाब सारखा केल्याशिवाय ते सुटत नाही.

सगळ्याच नळांना धार नसेल तेव्हा मापक लावावा. सगळे नळ बंद ठेवून आकडा पाहायचा, मग एक नळ पूर्ण उघडून पुन्हा पाहायचा. बंद असतानाच आकडा कमी असेल तर उणीव उंचीची आहे. पाइप बदलून ती भरून निघणार नाही. बंद असताना आकडा उंचीच्या हिशेबाशी जुळतो, पण नळ उघडताच कोसळतो, असं असेल तर उणीव वाटेची: कुठंतरी अडथळा आहे, पाइप बारीक आहे किंवा गेट व्हॉल्व्हचं पातं तुटून आतच पडलं आहे. हे शेवटचं कारण फार फसवं, कारण वरचं चाक व्यवस्थित फिरतं आणि माणसाला वाटतं व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे. मापक नसेल तर बादली आणि घड्याळ चालतं. दहा लिटरची बादली मिनिटभरात भरली तर न्हाणीघराच्या नळाला तक्रारीचं कारण नाही. दोन मिनिटांच्या वर गेली तर शोध घ्यायला हवा. एकाच डाउन-टेकवरच्या वरच्या-खालच्या शेजाऱ्यांकडेही हीच चाचणी केली तर अडथळा कोणत्या मजल्यावर आहे हे भिंत न फोडता कळतं.

लाइन थुंकत, खोकत चालत असेल तर हवा अडकली आहे. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली की असं होतं. पाइप गच्चीवरून नेताना मध्येच उंटाच्या पाठीसारखा वर उचललेला असेल तर ते वारंवार होतं. तिथं पाइपाचा उतार सरळ करणं हाच कायमचा इलाज. खालच्या नळाला तोंड लावून उलटा जोर देण्याची जुनी युक्ती तात्पुरती.

आणि धार सकाळी सात ते नऊमध्येच मरत असेल, एरवी ठीक असेल, तर ती वेळेची उणीव. एका डाउन-टेकवर सात घरं एकाच वेळी उभी आहेत. इथं एका घरापुरता शोधलेला कुठलाही उपाय शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढतो.

घरातले उपाय आणि त्यांवरची मतं

वाटेची उणीव वाट मोकळी करूनच भरावी, यावर जाणकारांत मतभेद नाही. मतभेद आहेत ते उंचीच्या उणिवेवर.

एक पक्ष टाकी उचला म्हणतो. दीड मीटरचा स्टँड केला तर पंधरा शतांश किलो वाढतो. ऐकायला थोडं वाटतं, पण वरच्या मजल्यासाठी दाब दुप्पट होतो, वीज लागत नाही आणि बिघडायला काही नसतं. या पक्षाला उत्तर मिळतं ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून: हजार लिटर म्हणजे एक टन, आणि जुन्या इमारतीच्या स्लॅबवर तो कुठंही उभा करता येत नाही. खांबांच्या रेषेतच त्याला जागा शोधावी लागते.

दुसरा पक्ष प्रेशर पंपाचा. शंभर-दोनशे वॅटचा छोटा पंप वरच्या मजल्याच्या स्वतंत्र लाइनवर बसवला तर काम उत्तम होतं, हे मान्य करायलाच हवं. अडचणी मात्र विक्रेता सांगत नाही. प्रवाहावर चालू होणाऱ्या पंपाला सुरू व्हायला आधी थोडं तरी पाणी वाहावं लागतं. जिथं नळातून थेंबच पडतात तिथं तो जागाच होत नाही. दाबावर चालणारा पंप एखादा फ्लश गळत असला की रात्रभर चालू-बंद होत राहतो. पंपाच्या मागचा पाइप अर्धा इंची असेल तर पंप पाण्याऐवजी हवाच ओढू लागतो. आणि वीसेक वर्षं पाव किलोवर राहिलेल्या जीआय लाइनवर एकदम दीड किलो टाकला की तिचे कमकुवत जॉइंट एकेक करून जाहीर होतात. पंप लावण्याआधी लाइन सीपीव्हीसीत बदला, असं चांगले प्लंबर म्हणतात ते याचसाठी, नुसता कामाचा आकडा फुगवायला नव्हे.

तिसरा पक्ष थोडा वेगळा विचार मांडतो: दाब कमीच राहू द्या, उपकरण बदला. कमी दाबाला चालणारे शॉवर आणि मोठ्या वाटेचे नळ मिळतात. पाणी वाचवणाऱ्यांचा गट याच्याही पुढं जातो. २०२४ च्या मार्चमध्ये पाणीटंचाईच्या काळात बंगळुरूनं व्यावसायिक आस्थापना आणि मोठ्या निवासी संकुलांना नळांवर एअरेटर बसवायला लावले. दाब वाढला की प्रत्येक मिनिटाचं पाणी वाढतं आणि गळतीही वाढते, हे खरंच आहे. धातूच्या पाइपातल्या ठरलेल्या छिद्रातून गळणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतं. प्लास्टिकच्या पाइपाची चीर मात्र दाबानं उघडत जाते आणि तिची गळती दाबापेक्षाही वेगानं वाढू शकते. पण वरच्या मजल्यावर बादली भरायला पाच मिनिटं लागणाऱ्याला एअरेटरचा उपदेश करणं मला थोडं निर्दय वाटतं. तो सल्ला तळमजल्यासाठी आहे.

एका बिऱ्हाडाचा पंप, सगळ्यांची लाइन

मोठा झगडा सोसायटीत होतो. वरच्या मजल्यावरचा सभासद सामायिक डाउन-टेकवर स्वतःचा पंप चढवतो आणि खालच्याच्या नळात हवा येते. त्याची बाजू अशी की तो इतरांइतकंच पाणीपट्टीचं शुल्क भरतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पाण्याचं शुल्क घरातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटलं जातं, नळातून प्रत्यक्षात किती पाणी येतं यावर नाही. खालच्याची बाजू अशी की सामायिक लाइन ही कुणा एकाची नाही. टाक्या, पंप आणि बाहेरची लाइन सांभाळणं संस्थेचं काम, घरातली लाइन सभासदाची, इतपत उपविधी स्पष्ट आहेत. सामायिक लाइनमध्ये दाबाची किमान पातळी किती असावी याबद्दल मात्र ते काही सांगत नाहीत.

यावर दोन तोडगे प्रचलित आहेत. जुना तोडगा म्हणजे वरच्या दोन मजल्यांना वेगळी डाउन-टेक लाइन आणि तिच्यावरच संस्थेचा पंप. नवा तोडगा म्हणजे हायड्रो-न्यूमॅटिक यंत्रणा. गच्चीवर किंवा तळाशी एक पंपसंच, मागणीप्रमाणे वेग बदलणारा ड्राइव्ह आणि दाब सांभाळणारं भांडं. ती सगळ्यांना सारखा दाब देते, पण वीज गेली की जनरेटर नसेल तर सगळेच कोरडे, आणि देखभालीचा करार चुकला तर दुरुस्तीचा खर्च सोसायटीला घाम फोडतो. वीस मजल्यांच्या वर प्रश्न उलटा होतो. तिथं खालच्या मजल्यांना दाब जास्त होतो, म्हणून मधल्या टाक्या किंवा दाब कमी करणारे व्हॉल्व्ह घालावे लागतात. त्यांच्या जाळ्या वर्षातून एकदा तरी साफ कराव्यात. त्या चोंदल्या की दहाव्या मजल्यावर ‘प्रेशर नाही’ची तक्रार येते आणि सगळे टाकीकडे बघत बसतात.

रस्त्यावरच्या लाइनला मोटर

बैठ्या घरांत, वाड्यांत आणि वस्त्यांमध्ये कथा वेगळी. तिथं पाणी आलं की पालिकेच्या लाइनला थेट मोटर जोडली जाते. विदर्भात तिला टिल्लू पंप म्हणतात. नळजोडावर अशी मोटर लावायला मनाई आहे, आणि उन्हाळा आला की पालिकांची पथकं मोटरी जप्त करत फिरतात.

मनाईचं कारण पक्कं आहे. मोटर ओढू लागली की लाइनमधला दाब शून्याखाली जातो, आणि जवळून गटार जात असेल तर पाइपाच्या चिरांतून मैला आत शिरतो. पण मोटर लावणाऱ्याची बाजूही ऐकायला हवी. पाणी दिवसातून दोनच तास येत असेल तर चोवीस तासांचं पाणी त्या दोन तासांत उचलावं लागतं, म्हणजे प्रवाह सरासरीच्या बारा पट. चोवीस तास पुरवठ्यात गर्दीच्या वेळीही तो अडीच-तीन पटच धरतात. प्रवाह चौपट झाला की घर्षण तेरा-चौदा पट. एवढ्यात लाइनच्या शेपटाकडच्या घरांना पाणी पोचतच नाही, मग शेजारच्यानं मोटर लावली की त्यांनाही लावावी लागते. मोटर हा लक्षणावरचा उपाय आहे आणि तोच रोगही वाढवतो, यावर दोन्ही बाजू एकमत होतील. जप्तीनं हा गुंता सुटतो असं दाखवणारा अनुभव मात्र माझ्या पाहण्यात नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याच गल्लीत नव्या मोटरी असतात.

मुंबईवर झालेल्या दोन मानववंशशास्त्रीय अभ्यासांनी या ठिकाणी महत्त्वाची भर घातली. लिसा ब्यॉर्कमन यांनी गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगणवाडीत काम केलं (पुस्तक २०१५), निखिल आनंद यांनी जोगेश्वरीत (पुस्तक २०१७). दोघांचं म्हणणं थोडक्यात असं: वस्तीला मिळणारा दाब फक्त उंची आणि व्यासानं ठरत नाही. कोणता व्हॉल्व्ह चावीवाला किती वाजता किती फिरवतो, नगरसेवकाचा शब्द कुठं पोचतो, नळजोडाला कोणती कागदपत्रं लागतात, यांनीही तो ठरतो. पालिकेच्या अभियंत्यांचं यावर उत्तर आहे की जाळं शंभर वर्षांहून जुनं आणि त्याचे पुरे नकाशे नाहीत, अशा वेळी अनुभवी चावीवाल्याशिवाय शहर चालणारच नाही. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात.

चोवीस तासांचा वाद

मोटरीचं मूळ ठरावीक तासांच्या पुरवठ्यात आहे, तर पाणी चोवीस तासच द्यावं, असा एक प्रस्ताव आहे. त्याच्या समर्थकांचा युक्तिवाद दाबापासूनच सुरू होतो. लाइन कायम भरलेली राहिली तर बाहेरची घाण आत येत नाही, साठवायला लागत नाही, मोटर लावायला कारण उरत नाही, आणि शहराचे छोटे विभाग करून प्रत्येकाला मीटर लावला तर गळती सापडते. आपल्याकडचं पहिलं नावाजलेलं उदाहरण छोटं होतं. साताऱ्यातल्या कराडजवळच्या मलकापूरनं २००० च्या दशकाच्या अखेरीस चोवीस तास मीटरनं पाणी द्यायला सुरुवात केली. शेजारच्या कर्नाटकात बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्याच्या काही भागांत २००८ च्या सुमारास प्रयोग झाला. नागपूरनं धरमपेठेतल्या प्रायोगिक टप्प्यानंतर २०१२ पासून सगळ्या शहराचा पुरवठा पंचवीस वर्षांच्या कराराखाली व्हिओलियाचा सहभाग असलेल्या संयुक्त कंपनीकडे दिला. पुण्यानं समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे काढले.

विरोधकांचे आक्षेप दोन जातीचे आहेत. एक जात राजकीय-आर्थिक: मीटर म्हणजे दरवाढ, खासगी कंपनी म्हणजे उत्तरदायित्व गेलं. मुंबईत अंधेरीच्या के-पूर्व विभागात जागतिक बँकेच्या मदतीनं झालेला सल्लागारांचा अभ्यास २००७ च्या सुमारास याच विरोधामुळं मागे पडला. संभाजीनगरची ‘समांतर’ योजना, खासगी कंपनीसोबतचा करार, २०१६ मध्ये रद्द झाली. दुसरी जात तांत्रिक: जुन्या गळक्या जाळ्यात दाब कायम ठेवला तर गळतीही कायमची होईल, म्हणून आधी पाइप, मग तास. मुंबईत मुलुंड आणि वांद्रे पश्चिममधल्या प्रायोगिक कामांतून शहरभर चोवीस तास पाणी आलं नाही, त्यामागं हीही एक अडचण होती.

आरोग्याच्या बाबतीत पुरावा समर्थकांना वाटतं तितका सरळ नाही. हुबळी-धारवाडमध्ये एमिली कुंपेल आणि कारा नेल्सन यांनी पाहिलं की ठरावीक तास येणाऱ्या पाण्यात दाब कमी असताना आणि पुरवठा सुरू होतानाच्या पहिल्या लोंढ्यात जिवाणूंचं प्रमाण वाढतं. म्हणजे दाब आणि शुद्धता यांचा संबंध आहे. पण त्याच शहरातल्या कुटुंबांची तुलना करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चोवीस तास पाणी मिळणाऱ्या घरांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांत अतिसार एकूणात लक्षणीयरीत्या कमी आढळला नाही. विषमज्वर कमी होता, आणि गरीब घरांतल्या मुलांत रक्ती आव कमी होती. दोन्ही बाजू या अभ्यासातला आपल्या सोयीचा निष्कर्ष उचलतात.

न सुटलेलं

सगळ्यात मोठा उरलेला प्रश्न तांत्रिकच आहे, आणि तो दोन्ही वर्तुळांच्या मधल्या फटीत पडला आहे. पालिकेनं कोट्यवधी खर्चून रस्त्यावर चोवीस तास १२ किंवा १७ मीटर दाब आणला तरी तो इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत पडताक्षणी शून्य होतो. तिथून सोसायटीचा पंप त्याला पुन्हा वर नेतो. विजेचं बिल तेच, टाकी धुण्याची जबाबदारी तीच, वरच्या मजल्याची तक्रारही तीच. बैठ्या आणि दुमजली घरांना थेट जोड देऊन खालच्या टाकीला बगल देता येते, आणि नव्या योजनांचा खरा फायदा त्याच घरांना मिळायला हवा. उंच इमारतींत निदान खालचे दोन-तीन मजले थेट लाइनवर घ्यावेत का, हा विचार काही अभियंते मांडतात. त्याला हरकती आहेत: आगीच्या पाण्याचा साठा ठेवावाच लागतो, एका इमारतीत दोन स्वतंत्र लाइन म्हणजे दोन मीटर, आणि एखाद्या दिवशी पुरवठा बंद पडला तर खालचे मजले कोरडे आणि वरचे ओले.

दुसरं अनुत्तरित म्हणजे विश्वासाचं. चोवीस तास पाणी आलं तरी लोक टाकी काढत नाहीत, उलट मोठी करतात, कारण ते उद्याही येईल याची खात्री नसते. लोक साठवत राहतात तोवर मागणी एकाच वेळी उसळते आणि दाब पडतो. किती वर्षं सलग पुरवठा टिकला की गच्चीवरची सिंटेक्सची टाकी खाली उतरेल, याचा अंदाज कुठल्याच योजनेच्या अहवालात मांडलेला मी पाहिलेला नाही.

तिसरं, इमारतीच्या आतल्या दाबाची तपासणी. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला देताना पाण्याची जोडणी पाहिली जाते. वरच्या मजल्यावरच्या शॉवरशी नळ उघडा असताना किती दाब उरतो, हे मोजून नोंदवण्याची रीत नाही. घर घेणाऱ्याला ताबा मिळतो त्या दिवशी ही मोजणी करायला दहा मिनिटं लागतील. आकडा कमी निघाला तर टाकीचा ओटा बदलणं त्या वेळी बिल्डरच्या खर्चात होऊ शकतं, नंतर सभासदांच्या.